जे जिंकतील पण सत्तेत नसतील, त्या नगरसेवकांना खुलं पत्र

प्रति,
नवी मुंबई महापालिकेच्या विरोधी बाकांवर बसणारे सर्व भावी नगरसेवक आणि नगरसेविका
पक्ष : जो असेल तो

सप्रेम नमस्कार,

तुम्ही नेमके कोण हे आज १२ जानेवारी २०२६ ला मला माहीत नाही, आणि खरं सांगायचं तर तुम्हालाही माहीत नाही. उद्या संध्याकाळी प्रचाराचे भोंगे बंद होतील, परवा संक्रांत, तेरवा मतदान आणि १६ तारखेला दुपारपासून गुलाल. त्या गुलालात तुमचंही डोकं माखलेलं असेल कारण तुम्ही तुमची सीट काढलेली असेल, डीजेवर नाचून होईल, पोरं खांद्यावर घेतील, आणि मग संध्याकाळी कुणीतरी मोबाईलवर टोटल बघून सांगेल की साहेब आपण आलो पण सत्ता काय आली नाय. त्या संध्याकाळी हे वाचा अशी विनंती आहे म्हणून आधीच लिहून ठेवतेय.

सत्तेत येणाऱ्यांना पत्रं लिहायला अख्खं शहर बसलंय. सोसायट्यांची निवेदनं, फेरीवाल्यांची, रिक्षा युनियनची, प्रकल्पग्रस्तांची, सगळी त्यांच्याच दारात जाणार. तुमच्याकडे कोणी काही मागत नाही. जाहीरनामे बघा ना, सगळ्यांचं एकच पालुपद, सत्ता द्या मग बघा काय करतो ते. नाही दिली सत्ता तर काय करणार हे एकाही पक्षाने छापलेलं मला दिसलं नाही. १११ जागा, बहुमताला ५६, म्हणजे चाळीस-पन्नास माणसं आपल्या शहरातून अशी निवडून येऊ शकतात की ज्यांनी पुढची पाच वर्षं काय करायचं हे कुणी ठरवलेलंच नाही. माझी मागणी एकच आहे. तिथेच बसा. उठून पलीकडे जाऊ नका, आणि बसल्या जागी झोपूही नका.

एवढं बोलायचा मला काय अधिकार म्हणाल तर मी कोपरखैरणेतली एक मतदार, वडील माथाडी कामगार, घाऊक मार्केट मुंबईतून इकडे आलं त्याच्या मागोमाग आमचं बिऱ्हाड आलं, आणि मी महापे एमआयडीसीत अकाऊंट्सला आहे. आकड्यांची सवय आहे म्हणून आकड्यांपासूनच सुरू करते.

२०१५ च्या एप्रिलमध्ये आपण शेवटचं मतदान केलं. तेव्हा एक वॉर्ड एक नगरसेवक होता. राष्ट्रवादी ५२, शिवसेना ३८, काँग्रेस १०, भाजप ६, अपक्ष ५. राष्ट्रवादीने काँग्रेसला सोबत घेऊन सत्ता राखली. समोर शिवसेना-भाजप मिळून ४४. विरोधात ४४ म्हणजे काय चेष्टा नाही, एवढी माणसं नुसती उभी राहून आलटून पालटून प्रश्न विचारायला लागली तरी सत्ताधाऱ्यांना घाम फुटायला पाहिजे होता.

मग २०१६ ला तुकाराम मुंढे आयुक्त म्हणून आले. पुढचं सगळ्यांना माहितीय. ऑक्टोबरमध्ये महासभेत अविश्वास ठराव आला, बाजूने १०४ आणि विरोधात ६, ते ६ भाजपचे. मुंढे बरोबर होते की चूक ह्यावर आमच्या घरात अजून भांडण होतं, अनधिकृत बांधकामांवर हातोडा पडला तेव्हा टाळ्या वाजवणारे होते आणि गावठाणातल्या घरांना नोटिसा आल्या तेव्हा पोटात गोळा आलेलेही होते, दोघांचंही मला पटतं. ते सोडा. त्या १०४ मध्ये कोण कोण होतं ते बघा. सत्ताधारी होते, त्यांचे मित्र होते, आणि प्रमुख विरोधी पक्ष पण होता. समोरासमोरची बाकं एका दुपारी एक झाली, आणि तेवढ्या उत्साहाने ती दुसऱ्या कशासाठी एक झालेली निदान माझ्या तरी आठवणीत नाही. आयुक्तांची बदली पुढे मार्चमध्ये सरकारने केली, ठरावाने नाही, हे पण लक्षात ठेवा.

त्यानंतर सप्टेंबर २०१९. विधानसभा तोंडावर आलेली, गणेश नाईक राष्ट्रवादी सोडून भाजपमध्ये गेले आणि राष्ट्रवादीचे बहुतेक नगरसेवक त्यांच्या मागे गेले. महापौर तेच, केबिन तीच, शिपाई तोच, फक्त पालिका काल राष्ट्रवादीची होती ती भाजपची झाली. एकही मत पडलं नाही, एकही बटण दाबलं गेलं नाही, आपण ज्या पक्षाचे ६ निवडून दिले होते तो सत्तेत येऊन बसला आणि आपल्याला पेपरमधून कळलं. आधीच्या त्या सहा जणांचा मी कधी कधी विचार करते, चार वर्षं ज्यांच्या विरोधात बोलले ते सगळे एका सकाळी शेजारी येऊन बसले, चहा पाजावा की काय करावं त्यांना तरी कळलं असेल का.

गंमत इथेच संपत नाही. २०२४ च्या विधानसभेला वडील गणेश नाईक ऐरोलीतून भाजपकडून आणि मुलगा संदीप शेजारच्या बेलापुरातून शरद पवारांच्या राष्ट्रवादीकडून. वडील आले, बेलापुरात संदीप नाईक ३७७ मतांनी पडले, भाजपच्या मंदाताई म्हात्रे आल्या. आमच्याकडे लोकं म्हणायची, कोणीही जिंकू दे, गाडी बोनकोड्यालाच, म्हणजे नाईकांच्या दारातच जाणार. हे मी एका घराण्यावर राग म्हणून लिहीत नाही, पलीकडे ठाण्यात काय वेगळं झालं? २०१७ ला ठाणेकरांनी शिवसेनेचे ६७ निवडून दिले, २०२२ ला पक्ष फुटला तेव्हा एक सोडून सगळे माजी नगरसेवक शिंदेंकडे. आणि आता ह्याच महिन्यातलं अंबरनाथ ताजं आहे. निकाल लागला, शिंदेंची शिवसेना सगळ्यात मोठा पक्ष, तर तिला बाजूला ठेवायला भाजपने काँग्रेसच्या बारा नगरसेवकांना सोबत घेऊन आघाडी केली, म्हणून काँग्रेसने त्या बाराही जणांना निलंबित केलं, आणि ते बारा थेट भाजपमध्ये. ज्या अंबरनाथकराने पंजाचं बटण दाबलं त्याचं मत महिन्याभरात कमळात गेलं. त्याला कोणी विचारलं?

तुमच्यावर पण ही वेळ येणार आहे, लिहून घ्या. राज्यात एकत्र सरकार चालवणारे भाजप आणि शिंदेंची शिवसेना आपल्या इथे एकमेकांच्या विरोधात लढतायत, सभांमधून एकमेकांची उणीदुणी काढतायत, आणि १७ तारखेला वरून फोन आला की गळ्यात गळे. असं झालं तर विरोधी बाकावर किती उरतील माहीत नाही. कदाचित दोन-चार. तरी चालेल. दोन-चार माणसं पण पुरतात, फक्त ती उठली नाही पाहिजेत.

पक्षांतरबंदीचा कायदा आहे म्हणे. आहे, स्थानिक संस्थांसाठी वेगळा, १९८६ चा आहे. पण तो तुम्हा लोकांना आमच्यापेक्षा जास्त पाठ आहे, पुरेशी डोकी गोळा केली की वाट कशी निघते हे आपल्या शहरात पोरांना पण माहितीय. निकालानंतर तुमची पहिली फेरी सीबीडीला कोकण भवनात होईल, विभागीय आयुक्तांकडे आपल्या पक्षाच्या नगरसेवकांचा गट नोंदवायला, रांगेत उभं राहून सह्या कराल, फोटो काढाल. त्या कागदावर सही करताना एवढंच आठवा की ह्या सहीच्या आधी चाळीसेक हजार लोकांच्या प्रभागाने मतदान यंत्राचं बटण दाबून काहीतरी सांगितलेलं होतं.

आता तुमची बाजू. ती मला कळते, अगदीच दुधखुळी नाही मी. विरोधात राहिलं की कामं अडतात. फाईल पुढे सरकत नाही, निधी मिळत नाही, शेजारच्या प्रभागात पेव्हर ब्लॉक बसतात आणि आपल्याकडे खड्डे, मग लोकं तुम्हालाच शिव्या घालतात की ह्याला निवडून काय उपयोग. खरं आहे. आणि लोकं म्हणजे आम्हीच. आम्हीच तुम्हाला फोन करतो गटाराच्या झाकणासाठी, शाळेच्या अॅडमिशनसाठी, हॉस्पिटलच्या बिलात काहीतरी कमी करून द्या म्हणून, रात्री अकराला पाणी नाही म्हणून, आणि जो फोन उचलतो तो चांगला. ह्या हिशोबात महासभेत कोण काय बोललं ह्याला मार्क शून्य. म्हणून तुम्ही पलीकडे जाता आणि वर सांगता, विकासासाठी गेलो. पण मला सांगा, २०१९ ला एवढे सगळे विकासासाठी गेले, आणि मे २०२० ला मुदत संपून सगळेच माजी झाले. आठ महिन्यांत कुणाच्या वॉर्डात असा काय विकास झाला?

मे २०२० पासून आतापर्यंत पालिकेत आयुक्त हेच प्रशासक. आधी कोरोना, मग ओबीसी आरक्षण, मग प्रभागरचना, कोर्टाच्या तारखा, शेवटी सुप्रीम कोर्टाने गेल्या मे महिन्यात दट्ट्या दिला तेव्हा कुठे हे मतदान होतंय. २०१५ ला जो मुलगा सतरा वर्षांचा होता तो आता अठ्ठावीसला टेकलाय, काहींची लग्न होऊन पोरं शाळेत जातायत, आणि नगरसेवक निवडायला पहिल्यांदा जाणार. ह्या काळात शहर काही बंद पडलं नाही, कचरा उचलला गेला, स्वच्छतेत नंबर येत राहिले, मोरबे धरणाचं पाणी येत राहिलं, म्हणून आमच्या ऑफिसात लंचला सर्रास ऐकू येतं की नगरसेवक हवेतच कशाला, उगाच मधे खाणारं तोंड. मी तेव्हा गप्प बसत नाही. अकाऊंट्समध्ये साधा नियम असतो, ज्याने बिल बनवलं त्यानेच पास करायचं नाही. आणि इथे साडेपाच हजार कोटींच्या वरचं बजेट आयुक्त म्हणून मांडायचं आणि प्रशासक म्हणून मंजूर पण त्यांनीच करायचं. माणूस कितीही सज्जन असो, आमच्या कंपनीत ऑडिटर असलं चालवून घेणार नाही.

शहराचा विकास आराखडा पण ह्याच काळात लोकांसमोर आला. कुठल्या प्लॉटवर मैदान, कुठे शाळा, कुठला प्लॉट सिडको, म्हणजे शहर वसवणारं सरकारी महामंडळ, विकणार, हे सगळं ठरवणारा कागद, पुढच्या वीस वर्षांचा, आणि त्यावर भांडायला सभागृहात एक माणूस नाही. ज्याला समजलं त्याने एकट्याने हरकत दिली, सुनावणीला रजा टाकून गेला, दोन मिनिटं बोलून आला. तुम्ही असतात तर काय केलं असतंत हे मी तुम्हाला खरंच विचारतेय. टोमणा नाही.

तर आता काम. मोठं काही सांगत नाही.

कुठल्याही पालिकेची महासभा बघा. विषयपत्रिका आधी येते, त्यावर पहिले दोन तास जोरात भाषणं होतात, कॅमेरे असतात, कुणी हंडा घेऊन येतं, कुणी खाली बसतं. मग जेवणाची वेळ होते, कॅमेरे निघतात, त्यांच्या मागे अर्धे नगरसेवक निघतात, आणि मग सचिव वाचायला लागतात, आयत्या वेळचे, म्हणजे पत्रिकेत नसलेले विषय. कागद कुणाच्या हातात नसतो. मंजूर? मंजूर. पुढचा. मंजूर? मंजूर. पंधरा मिनिटांत जे होतं ते सकाळपासून झालेलं नसतं. तुम्ही एवढंच करा, त्या वेळेला खुर्चीत असा. जेवण नंतर करा. म्हणा, प्रत द्या, वाचल्याशिवाय मंजूर नाही. ऐकलं नाही तर म्हणा माझा विरोध नोंदवा, आणि पुढच्या सभेत इतिवृत्त आलं की तो खरंच नोंदवलाय का ते बघा, कारण बऱ्याचदा आरडाओरडा केलेला असतो आणि कागदावर लिहिलेलं असतं सर्वानुमते. उद्या ऑडिटला किंवा कोर्टात तुमचं भाषण कुणी ऐकणार नाही, तो कागद वाचतील.

दुसरं म्हणजे स्थायी समिती. १६ जण असतात, पक्षांच्या संख्येप्रमाणे, म्हणजे पुरेसे आलात तर तुमचेही दोन-चार तिथे जाणार. टेंडर तिथेच फुटतं किंवा जमतं. तुम्हाला तिथे का पाठवतात आणि तिथे जायला पक्षात एवढी मारामारी का असते हे मी लिहायला नको. तिथे एखाद्या विषयावर एकदा तरी मतदान मागा. बाकी काही करू नका, फक्त मतदान मागा आणि बघा बाकीच्यांची तोंडं कशी होतात.

आणि विचारायचंच असेल तर विषयांची ददात नाही. वाशीत सिडकोच्या जुन्या इमारती पाडून टॉवर उभे राहतायत, चांगलंय, लोकं गळक्या स्लॅबखाली राहत होती, त्यांना घरं मिळायलाच हवीत. पण जिथे एक कुटुंब होतं तिथे तीन होणार, त्यांचं पाणी, त्यांचं सांडपाणी, त्यांच्या गाड्या. मोरबे धरणाची क्षमता रोज ४५० दशलक्ष लिटर पाणी द्यायची, ती काय फुगणार नाही. आजच दिघा-ऐरोलीकडच्या वस्त्यांत बाया नळ कधी येतो म्हणून जाग्या असतात, त्यात १४ गावं पुन्हा पालिकेत आलीत, त्यांना पण पाणी द्यायचंय. तर एका प्रश्नाचं लेखी उत्तर मिळवा, प्रत्येक टॉवरला परवानगी देताना पाण्याचा हिशोब कोणी मांडला आणि तो कुठेय. पार्किंगवर तर बोलायलाच नको, आमच्या माथाडी चाळींच्या गल्लीत अॅम्ब्युलन्स आत येत नाही, पेशंटला खुर्चीत बसवून कोपऱ्यापर्यंत आणतात, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

पॅनलचं एक. ह्या वेळी २८ प्रभाग, २७ चारचे आणि एक तीनचा, आम्हाला चार चार बटणं दाबायचीत. अ, ब, क, ड. मला भीती अशी की गटार तुंबलं की अ म्हणणार ब ला विचारा, ब म्हणणार ते क च्या हद्दीत येतं. पण तुमच्यासाठी ह्यात एक सोय पण आहे. चारातले तीन सत्तेवाले आणि चौथे तुम्ही असाल, तर त्या तिघांनी प्रभागात काय आणलं, कोणत्या ठेकेदाराने केलं, किती टिकलं, हे तुमच्याइतकं जवळून दुसरं कुणी बघू शकत नाही. बघा. लिहून ठेवा. स्टेटसला टाका हवं तर, नाहीतरी वाढदिवसाचे टाकताच.

नगरसेविकांना दोन शब्द जास्त. अर्ध्या जागा आपल्या आहेत. आमच्या इथल्या काही बॅनरवर उमेदवार बाईंचा फोटो मिस्टरांच्या फोटोच्या अर्धा आहे, एका पत्रकात तर मोबाईल नंबर पण मिस्टरांचाच. प्रचारात चालून गेलं, हळदीकुंकवात पण चालून जाईल, पण सभागृहात मिस्टरांना प्रवेश नाही. तिथे तुम्ही एकट्या असणार आणि विरोधी बाकावर असाल तर सत्तेतल्या बायांपेक्षा तुम्हाला जास्त बोलायला मिळेल, कारण त्यांना वरून गप्प बसायला सांगितलेलं असेल. माझ्या ओळखीच्या बायका घरखर्चात पाच रुपयांचा फरक पकडतात. बजेटचं पुस्तक जाडजूड असतं म्हणून घाबरू नका, शेवटच्या पानांपासून उलटं वाचा, खर्च तिथे असतो. अडलं तर मला बोलवा, आकडे मी समजावून सांगेन, फी नको.

शेवटची गोष्ट, आणि ही कायद्यात आहे. महापालिका अधिनियमात क्षेत्रसभेची तरतूद आहे, २००९ पासून. म्हणजे नगरसेवकाने आपल्या भागातल्या मतदारांना अधिकृतपणे बोलवून, समोर बसवून, कामांचं विचारायचं आणि सांगायचं. गावात ग्रामसभा होते तशी. आमच्या गावाकडे साताऱ्याला ग्रामसभेत म्हातारे सरपंचाला उभं राहून विचारतात, एलईडीचे पैसे कुठे गेले. आणि आम्ही इथे मुंबईच्या दाराशी राहतो, विमानतळ सुरू झालाय, मेट्रो आहे, आणि आमच्या इथे क्षेत्रसभा म्हणजे काय विचारलं तर लोकं म्हणतात कसली सभा, कुणाचं तिकीट कापलं का. सत्तेवाले ती घेणार नाहीत, त्यांना गरज नाही, त्यांच्याकडे उद्घाटनं असतात. तुम्ही घ्या. सत्तेशिवाय करता येण्यासारखं हे काम आहे, त्याला कुणाची मंजुरी लागली तर ती मागा आणि नाही दिली तर तेही लोकांना सांगा.

आमच्या प्रभागातून तुम्ही आलात तर सोय आमची. समाजमंदिराची चावी मिळवून देते, खुर्च्या गणपती मंडळाच्या आहेत, माईक पण त्यांचाच. बॅनर नको, हारतुरे नकोत, दीपप्रज्वलन तर अजिबात नको. येताना प्रभागात झालेल्या कामांच्या वर्कऑर्डरच्या झेरॉक्स आणा. रविवारी संध्याकाळी साडेपाचला ठेवा, भाजी मार्केटवाली माणसं रात्रीच्या कामाला निघायच्या आत, आणि तारीख चार दिवस आधी कळवा म्हणजे सोसायट्यांच्या ग्रुपवर टाकता येईल.

आपली,
कोपरखैरणेतली एक मतदार